एकदाच जेवणारे सैन्य

वाचक मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याही घरी शहरातली नातवंडे येत असतील. पूर्वी ही पोरे आली की विहिरीवर, चिंचेखाली नाहीतर गोठ्यात सापडायची. आता ती जिथे विजेचा प्लग असेल तिथे सापडतात. आमचा नातू यंदा आठवीत आहे. आला तसा त्याने बापाचा लॅपटॉप ओसरीवरच्या बाजेवर उघडला आणि लढाई सुरू केली. रानात गव्हाची पेरणी चालली होती. मी तिथून आलो, हातपाय धुतले आणि त्याच्या शेजारी बसलो.

“काय चाललंय रे?”

“आजोबा, मी इंग्लंडचा राजा आहे. फ्रान्सवर स्वारी चाललीय.”

“बरं. मग महाराजांनी आधी दोन घास खाऊन घ्यावेत. आजीनं पिठलं केलंय.”

“थांबा हो! सैन्य अडकलंय.”

राजाचे सैन्य अडकले होते आणि पिठले निवत चालले होते. मीही मग तिथेच बसलो. मला इतिहासाची पुस्तके वाचायची जुनी खोड आहे, तेव्हा म्हटले, बघू तरी आजकालची लढाई कशी असते. दोन दिवस बघितली. हसून हसून पोट दुखले आणि शेवटी थोडे गप्पही झालो. ते सगळे तुम्हांला सांगावे म्हणून हा लेख.

लाकडावर पिकणारे शेत

खेळाचे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स’. त्याचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि जगभरची मुले तो अजून खेळतात. त्यात मध्ययुगातली राज्ये आहेत, किल्ले आहेत, तिरंदाज आहेत, घोडेस्वार आहेत. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००० साली, त्याला एक पुरवणी जोडली गेली. तीत फ्रान्समधली १४१५ सालची आझँकूरची लढाई घेतली आहे. इंग्रज तिला अॅजिनकोर्ट म्हणतात. इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री याने ती जिंकली. आमचे नातवंड तोच हेन्री होऊन बसले होते.

मला पहिला धक्का बसला तो त्या खेळातल्या शेतीचा. मूळ खेळात शेत करायला साठ लाकडे लागतात. बी नको, खत नको, पाऊस नको. साठ लाकडे टाकली की पडद्यावर शेत उगवते आणि त्यातून १७५ अन्न निघते. ते संपले की पुन्हा साठ लाकडे टाका, पुन्हा शेत तयार. पीकपालट करायचा असेल तर गिरणीवर जायचे, अन्न आणि लाकूड मोजायचे, की राज्यातली सगळी शेते एकदम जास्त पिकू लागतात. मी नातवाला म्हटले, “ही गिरणी कुठल्या तालुक्यात आहे तेवढं विचारून ठेव. आपली बैलगाडी उद्याच काढतो.”

माणसाचेही तसेच. पन्नास अन्न दिले की पंचवीस सेकंदांत एक धडधाकट गावकरी घरातून बाहेर येतो आणि कुऱ्हाड घेऊन कामाला लागतो. आपल्याकडे त्याला नऊ महिने लागतात, आणि पुढे औताला जाण्याजोगा व्हायला पंधरा वर्षे.

मग सैनिक. साठ अन्न आणि वीस सोने दिले की पहिल्या दर्जाचा तलवारबहाद्दर तयार.

“आणि पुढं?” मी विचारले.

“पुढं काय?”

“तो पुन्हा कधी जेवतो?”

नातवाने माझ्याकडे असे बघितले, की जणू मी सूर्य कुठे चार्ज करतात असे विचारले होते. “जेवत नाही आजोबा. एकदा झाला की झाला.”

“आणि घोडा?”

“घोडाही नाही.”

स्वयंपाकघरातून त्याच्या आजीचा आवाज आला, “असले दोन गडी आपल्याला मिळतात का बघा.”

खऱ्या सैन्याचा रोजचा हिशेब

आता आपण शेतकरी माणसे. हिशेब आपल्याला सुटत नाही. दहा हजार माणसांचे सैन्य धरा. हातात शस्त्र आणि पायांखाली वाट, म्हणजे माणशी रोज किलोभर धान्य तरी हवेच. शंभर क्विंटल झाले. एका दिवसाचे.

त्या काळी युरोपात गहू किती व्हायचा? एक पोते पेरले तर तीन-चार पोती. त्यातले एक पुढच्या बियाण्याला बाजूला ठेवायचे. एकरी उतारा दोन-अडीच क्विंटलांच्या आसपास. बियाणे वजा जाता या सैन्याच्या एका दिवसाच्या भाकरीला पन्नासेक एकरांची अख्खी सुगी लागली. महिनाभर स्वारी चालली तर दीड हजार एकर.

हे झाले माणसांचे. घोड्याला वैरण आणि दाणा मिळून रोज दहा किलो धरा, पाणी पंचवीस-तीस लिटर. हजार घोडे म्हणजे रोज दहा टन. एका बैलगाडीत टनभर माल धरला तर दहा गाड्या. गाड्यांना वीस बैल. बैलही खातात, हे मी तुम्हांला सांगायला नको. शिवाय प्रत्येक गाडीला गाडीवान, आणि तोही जेवतो. असे करत करत सैन्याच्या मागे एक दुसरे सैन्य चालते आणि ते लढत नाही, फक्त वाहून नेते आणि खाते.

सैन्य पोटावर चालते असे आपण म्हणतो. खेळात नेमके पोटच काढून टाकले आहे. पोट नसलेला सैनिक खरोखर अजिंक्य असतो. इतिहासात असा एकही झाला नाही.

आठ दिवसांची शिदोरी

आता खऱ्या पाचव्या हेन्रीकडे येऊ. ऑगस्ट १४१५ मध्ये तो सुमारे बारा हजारांची फौज घेऊन समुद्र ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला. सीन नदीच्या मुखाशी हार्फ्लर नावाचे बंदर होते. त्याला त्याने वेढा घातला. खेळात असे बंदर जेवायच्या आधी पडते. खऱ्या हेन्रीला पाच आठवडे लागले, २२ सप्टेंबरपर्यंत. आणि तेवढ्यात त्याच्या सैन्यात एक नवा शत्रू शिरला.

त्याच्याकडे तलवार नव्हती. त्याचे नाव हगवण.

उन्हाळ्याचे दिवस, दलदलीची जागा, हजारो माणसे एका ठिकाणी आणि पिण्याचे पाणी घाण. जत्रेत पाण्याची सोय बिघडली की काय होते ते आपण जाणतोच. नॉर्विचचा बिशप, राजाचा जिवलग मित्र, हगवणीने गेला. सफोकचा उमराव मायकेल द ला पोल हगवणीने गेला. हजारावर आजारी माणसे जहाजात घालून घरी पाठवावी लागली. बंदराच्या रखवालीला बाराशे माणसे ठेवावी लागली. नातवाच्या पडद्यावरचे सैनिक मात्र वर्षानुवर्षे एका जागी उभे राहतात आणि एकालाही झाडाआड जावे लागत नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला हेन्री उरलेली फौज घेऊन कॅले या आपल्या ठाण्याकडे निघाला. हुकूम असा, की प्रत्येकाने आठ दिवसांची शिदोरी बरोबर घ्यावी. आठ दिवसांत पोचू असा अंदाज. पण वाटेत सोम नदी आडवी आली आणि पलीकडच्या तीरावर फ्रेंच उभे. उतार सापडेना. नदीच्या काठाकाठाने उलट दिशेला वर चढत जावे लागले. आठ दिवसांची वाट अडीच आठवड्यांची झाली. पाऊस, थंडी, रिकामी पोटे आणि वर हगवण.

वाटेत एका गावात खायला भाकरी आणि प्यायला द्राक्षाची दारू मिळाली. सैनिक बाटल्या भरून घ्यायला परवानगी मागू लागले. राजाने नाही म्हटले. बाटल्या भरल्या तर हरकत नाही, पण ही माणसे आपल्या पोटाच्याच बाटल्या करतात, अशा अर्थाचे तो बोलल्याची हकीकत आहे. सेनापतीला शत्रूच्या आधी आपल्याच माणसांच्या पोटाची काळजी करावी लागते ती अशी.

शेवटी नदी ओलांडली, तोवर फ्रेंचांची मोठी फौज पुढे येऊन वाट अडवून बसली होती. २४ ऑक्टोबरच्या रात्री इंग्रज भिजत पडले. कित्येक तिरंदाजांनी हगवणीपायी तुमानी कापून टाकल्या होत्या आणि तशाच अवस्थेत दुसऱ्या दिवशी लढाईला उभे राहिले. खेळ करणाऱ्या कंपनीने हे चित्र का काढले नाही, ते मी समजू शकतो.

ताजी पेरलेली जमीन

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण ते तुम्हां-आम्हांलाच नीट कळेल.

आझँकूरची लढाई झाली ती दोन रानांच्या मधल्या अरुंद पट्टीत. ती पट्टी म्हणजे शेत होते. नुकतेच नांगरलेले आणि गहू पेरलेले. तारीख २५ ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडे रब्बीची गडबड असते ते दिवस. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता.

पेरलेल्या, भिजलेल्या रानातून वहाणा घालून चालून पाहिले आहे ना? दहा पावलांत एकेका पायाला दोन-दोन किलो माती. आता अंगावर लोखंड चढवा. त्या काळातले पूर्ण चिलखत वीस ते पंचवीस किलोचे, म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते. ते अंगभर वाटून बांधलेले असते, त्यामुळे त्यात माणूस चालू शकतो, घोड्यावरही चढतो. सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवत, ही नुसती दंतकथा. पण दमणूक व्हायची ती होतेच. २०११ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांना तशी चिलखते घालून चालत्या पट्ट्यावर चालवले आणि मोजले. नुसते चालायला नेहमीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागली. तीही कोरड्या, सपाट पट्ट्यावर.

फ्रेंच सरदार असे चिलखत घालून त्या चिखलातून पायी पुढे निघाले. आधी त्यांच्याच घोडेस्वारांनी चालून जाऊन तो चिखल तुडवून काला करून ठेवला होता. इंग्रजांपर्यंत पोचेपर्यंत अर्धे बळ मातीने खाल्ले. मागचे लोक पुढे रेटत राहिले, पुढचे पडले आणि पडलेल्यांवर आणखी पडले. जखमेने मेले त्याच्याइतकेच लोक चेंगरून, गुदमरून मेले असावेत. नातवाच्या खेळात सैनिक पुराच्या काठावरून, बर्फातून, वाळूतून सारख्याच वेगाने पळतो आणि त्याला धाप लागत नाही.

तलवार एक-दीड किलोची असते. काही खेळांतल्या तलवारी नांगराच्या फाळाएवढ्या दिसतात. तसल्याने दोन वार केले तर तिसरा करायला शेजाऱ्याला बोलवावे लागेल.

तिरंदाजांचे घ्या. खेळातल्या तिरंदाजाचा भाता रिकामा होत नाही. खऱ्या इंग्रज तिरंदाजाच्या पेंढीत चोवीस बाण असत. हातचलाख माणूस मिनिटाला दहा बाण सोडी. म्हणजे अडीच मिनिटांत पेंढी खलास. मग मागच्या गाडीतून नवे बाण. हेन्रीचे पाच हजार तिरंदाज धरले तर मिनिटाला पन्नास हजार बाण. ते कुठून यायचे? प्रत्येक बाणाला पिसे लागतात, आणि ती गूस नावाच्या पक्ष्याच्या पंखांची. गूस म्हणजे आपल्या बदकाचा थोरला भाऊ, तिकडच्या शेतकऱ्यांच्या अंगणात असतो. १४१७ साली याच हेन्रीने परगण्या-परगण्याच्या अधिकाऱ्यांना फर्मान काढले, की दर गूसमागे पंखाची सहा पिसे राजाला द्यावीत. म्हणजे राजाची लढाई थेट शेतकऱ्याच्या अंगणात पोचली आणि तिथली पाखरे धरून उपटू लागली.

या लढाईत एक प्रसंग असा आहे, की खेळात घातला तर मुले म्हणतील हे खोटे. ब्राबाँचा ड्यूक आंत्वान लढाईला उशिरा पोचला. घाईत त्याचा राजचिन्हाचा अंगरखा मागेच राहिला. त्याने आपल्या तुतारीवाल्याच्या तुतारीला लावलेले निशाण काढले, मधोमध भोक पाडले, त्यातून डोके घातले आणि तसाच लढाईत घुसला. तिथेच तो मारला गेला.

सफोकचा मघाचा उमराव आठवतो ना, हगवणीने गेलेला? त्याचा मुलगा, महिनाभरापूर्वीच बापाच्या गादीवर आलेला, याच शेतात पडला. बाप पाण्याने गेला, पोरगा लोखंडाने.

खेळात मेलेला माणूस थोड्या वेळात पडद्यावरून नाहीसा होतो. आझँकूरला हजारो मेले आणि त्यांना मोठे चर खणून पुरावे लागले. जे सरदार जिवंत हाती लागले ते म्हणजे पैशांच्या थैल्या, कारण त्यांच्या सुटकेला खंडणी मिळे. पण फ्रेंच पुन्हा चालून येतील या भीतीने हेन्रीने मध्येच कैद्यांना मारायचा हुकूम दिला आणि कित्येक निःशस्त्र माणसे कापली गेली. वाचलेल्यांत ऑर्लेआँचा ड्यूक शार्ल होता. तो १४४० मध्ये सुटला. पंचवीस वर्षे तो इंग्लंडात कैदेत कविता लिहीत बसला. खेळात कैदी हा प्रकारच नाही.

गालातला बाण

खेळातल्या औषधपाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. एका खेळात भाकरीचा तुकडा खाल्ला की तलवारीची जखम भरते. दुसऱ्यात रंगीत काढ्याची बाटली. नातवाच्या खेळात एक साधू येतो, समोर उभा राहून काहीतरी पुटपुटतो आणि जखमी सैनिक पुन्हा टुणटुणीत. हाच साधू शत्रूच्या सैनिकाकडे बघून पुटपुटला तर तो आपल्या बाजूला येतो. आमच्या गावच्या निवडणुकीत असे करणारे मी पाहिले आहेत, पण ते नुसते पुटपुटून भागवत नाहीत.

खऱ्या हेन्रीलाच बाण लागला होता. २१ जुलै १४०३, श्रूजबरीची लढाई. तेव्हा तो सोळा वर्षांचा राजपुत्र होता. बाण डोळ्याखाली गालात घुसला. काडी ओढून काढली, पण लोखंडी टोक आत राहिले, सुमारे सहा इंच खोल. जॉन ब्रॅडमोर नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याला बोलावले. त्याने आधी कापड गुंडाळलेल्या काड्या मधात बुडवून जखमेत घातल्या आणि रोज थोड्या जाड काड्या घालत तोंड रुंद केले. मग खास घडवलेला, मध्ये मळसूत्र असलेला चिमटा आत नेऊन टोकाच्या खाचेत घट्ट केला आणि हळूहळू हलवत ते बाहेर काढले. द्राक्षाच्या दारूने जखम धुतली आणि मधाच्या औषधाने वीसेक दिवसांत ती भरत आणली. भूल नाही, इंजेक्शन नाही. हे सगळे ब्रॅडमोरने स्वतः लिहून ठेवले आहे.

हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने पहिल्यांदा खेळ थांबवला आणि गालाला हात लावला. मध लावल्याने जखम भरते हे आजीला आधीच माहीत होते, ते तिने तिथल्या तिथे ऐकवले.

भिंतीबाहेरची माणसे

खेळात दहा माणसे तलवारीने दगडी किल्ल्याची भिंत तोडत बसतात आणि ती पडतेही. तलवारीने भिंत पडत असती तर आमच्या गोठ्याची मागची भिंत मी विळ्याने पाडली असती. खऱ्या वेढ्यात सगळ्यांत मोठे शस्त्र असते भूक, आणि ते मारते ते लढणाऱ्यांना सगळ्यांत शेवटी.

जुलै १४१८ च्या अखेरीस हेन्रीने फ्रान्समधल्या रूआँ या मोठ्या शहराला वेढा घातला. शहरात आजूबाजूच्या खेड्यांतले लोकही जीव वाचवायला येऊन राहिले होते. धान्य संपत आले. लोक घोडे खाऊ लागले, मग कुत्री, मांजरे, उंदीर. शेवटी शहराच्या कारभाऱ्यांनी ठरवले, की जे लढू शकत नाहीत ते नुसते खाणारे. म्हातारे, बायका, मुले, गरीब यांना वेशीबाहेर काढले. हजारो माणसे. पुढे इंग्रजांनी त्यांना आपल्या ओळी ओलांडू दिल्या नाहीत, मागे वेस बंद. शहराच्या भिंतीभोवतीच्या खंदकात, हिवाळ्यात, ती माणसे राहिली. नाताळच्या दिवशी हेन्रीने त्यांना जेवण पाठवले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उपास. जॉन पेज नावाचा एक इंग्रज सैनिक त्या वेढ्यात होता. त्याने डोळ्यांनी पाहिलेले पद्यात लिहून ठेवले, आणि शत्रूचा माणूस असूनही त्याला ते पाहवले नाही हे त्यात दिसते. जानेवारी १४१९ मध्ये शहर शरण आले. खंदकातले कित्येक तोवर उरले नव्हते.

मंडळी, इथे मला विनोद सुचत नाही.

शेतकरी कुणाचा शत्रू?

आता तुम्ही म्हणाल, राजे भांडले, सैनिक मेले, यात शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध असा, की त्या काळची बरीचशी लढाई सैन्याशी नसून शेतकऱ्याशीच होती. १३५५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरात इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला काळा राजपुत्र म्हणतात, दक्षिण फ्रान्समध्ये बोर्दोपासून थेट नार्बोनपर्यंत जाऊन परत आला. मोठी लढाई झालीच नाही. वाटेतली शेकडो गावे, गिरण्या आणि धान्याची कोठारे मात्र जाळली. शेतकरी उघडा पडला की फ्रान्सच्या राजाचा सारा बुडेल, हा हिशेब. सैन्याचे पोटही त्याच लुटीवर भरायचे. म्हणजे जेवण कुणी द्यायचे, या प्रश्नाचे उत्तर नेहमी एकच होते.

आपल्याकडे हे ओळखणारा एक राजा होऊन गेला. १६७०च्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात लढाईचे डावपेच नाहीत. वैरणीचा हिशेब आहे. आताच दाणा-गवत मनमानी उधळले तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग सैनिक रयतेच्या घरात धान्य, गवत, भाजीपाला ओढायला जातील आणि लोकांना मोगल बरे वाटतील, असे त्यात बजावले आहे. शिवाय गवताच्या गंजीजवळ आगटी करू नका, रात्री दिवा ठेवू नका, उंदीर जळती वात पळवून नेईल आणि सगळी वैरण पेटेल, इतके बारीकही लिहिले आहे. नातवाच्या हातातल्या उंदराला ‘माऊस’ म्हणतात आणि तो लढाया जिंकून देतो. महाराजांना खऱ्या उंदराची काळजी होती.

मग खेळू द्यावे की नाही?

खुशाल खेळू द्यावे. आम्हीही लहानपणी ज्वारीच्या ताटाचा घोडा आणि निंबाच्या काठीची तलवार घेऊन कितीतरी गड घेतले, तेव्हा आम्ही तरी कुठे सैन्याला जेवू घातले? आणि न्यायाने बोलायचे तर सगळेच खेळ सारखे नसतात. २०१८ साली प्राग शहरातल्या एका कंपनीने ‘किंगडम कम डिलिव्हरन्स’ नावाचा खेळ काढला. तो आहे १४०३ सालच्या बोहेमिया देशातला, म्हणजे हेन्रीच्या गालात बाण शिरला त्याच वर्षातला. त्यातल्या नायकाला भूक लागते, झोप लागते, शिळे अन्न खाल्ले तर तो आजारी पडतो आणि तलवार चालवायला त्याला शिकावे लागते. हे ऐकून आजी म्हणाली, “म्हणजे माणूसच की.”

त्या रात्री जेवताना नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, त्या शेतकऱ्याला मग पीक आलं का? ज्याच्या शेतात लढाई झाली त्याला?”

मी म्हटले, “तूच विचार कर. गहू पेरला. रात्रभर पाऊस झाला. सकाळी हजारो माणसं आणि घोडे त्यावरून गेले. मग तिथंच चर खणून मेलेल्यांना पुरलं. काय येईल?”

“काहीच नाही.”

“आणि सारा?”

यावर त्याने उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. हेन्रीचे पुढे काय झाले ते मात्र सांगितले. एवढ्या लढाया जिंकलेला तो राजा ३१ ऑगस्ट १४२२ रोजी पॅरिसजवळ व्हँसेन इथे वारला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. लढाईत नव्हे. बहुधा हगवणीनेच.

तर वाचक मंडळी, तुमच्या घरचे पोर असे युद्ध खेळत बसले असेल तर त्याच्यावर खेकसू नका. शेजारी जाऊन बसा, थोडे बघा आणि एकच प्रश्न विचारा: “बाळा, हे सैन्य आज जेवलं का, आणि कुणाच्या शेतातलं?” त्या प्रश्नातून निम्मा इतिहास त्याला आपोआप कळेल. उरलेला निम्मा सकाळी आपल्याबरोबर रानात नेऊन दाखवा. आमच्या नातवाला मी नेला. पेरलेल्या वाफ्यात पाय टाकणार तोच तो थबकला आणि बांधावरून वळसा घालून आला.

घरी आल्यावर मात्र त्याने पुन्हा लॅपटॉप उघडला. फ्रान्सवरची स्वारी अजून बाकी होती. फरक इतकाच, की या वेळी महाराज आधी दोन भाकऱ्या खाऊन बसले.